सहावी ओळ उद्याची

ऐक ओळमाते, तुझी कहाणी. बायांनो, हातातली कामं बाजूला ठेवा, पण हात पुसून बसा. कहाणी संपली की हात लागणार आहेत.

आटपाट नगर होतं, नगराच्या उशाला तळं होतं. तळं केवढं? या काठाची हाक त्या काठाला पोचायची नाही, एवढं. तळ्याला मातीची उंच पाळ होती. पाळीत तीन मोऱ्या होत्या, वरची, मधली आणि तळमोरी. पाण्यात काठाजवळ एक दगडी हत्ती उभा होता. पाणी हत्तीच्या कुठं लागलं ते बघायचं, त्यावरून कोणती मोरी उघडायची ते ठरवायचं, मग नगराला पाणी सोडायचं. हे काम पाटकऱ्याचं. त्याचं घर पाळीच्या पायथ्याशीच होतं.

त्या घरात तीन माणसं होती. सासू ठकूबाई, लेक हैबती, सून सगुणा. हैबती पाळण्यात असतानाच ठकूबाईचा नवरा वारला. मग तिनंच पदर खोचून तळं सांभाळलं. पाण्याचं सगळं ज्ञान तिच्या पोटात. हैबतीनं विचारावं, "आई, आज काय करू?" आईनं सांगावं, मग हैबतीनं जाऊन मोरीचा दट्ट्या उपसावा. असं वीस वर्षं चाललं. विचारलं की उत्तर मिळत होतं, म्हणून कुणी ते लिहून ठेवलं नाही.

मग काय झालं? एके दिवशी ठकूबाईनं आमटीत दोनदा मीठ घातलं. एके दिवशी तिनं लेकाला मेलेल्या दिराच्या नावानं हाक मारली. एके दिवशी ती पाळीवर उभी राहिली आणि म्हणाली, "हे एवढं पाणी कुणी सांडलं गं?"

हैबती हसला. सगुणा हसली नाही. या बाईबरोबर पाण्याचं ज्ञान जाणार, आणि मग हे तळं एक दिवस खालच्या नगराला गिळणार, हे तिला उन्हाइतकं स्पष्ट दिसलं.

सगुणेला अक्षर येत होतं. माहेरी बापानं धुळपाटीवर गिरवून घेतलं होतं. तिनं ठरवलं, आत्याबाई सांगतील, मी लिहीन. पाण्याची पोथी करीन. मग घर शांत होण्याची वाट पाहिली. घर काही शांत होईना. मग चांगल्या कागदाची वाट पाहिली. कागद आला, तर त्यावर पहिलं अक्षर उमटवायची भीती वाटली. मग एके दिवशी सगळी कामं टाकून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लिहीत बसली. वीस पानं झाली. वाचली, तर एकही मनासारखं नाही. टराटरा फाडली, चुलीत घातली. पुढं महिनाभर लेखणीकडं बघितलं नाही. त्या महिन्यात ठकूबाई स्वतःचं माहेर विसरली.

एके पहाटे सगुणा दळत होती आणि रडत होती. तेवढ्यात दारात एक म्हातारी आली. कपाळाला मळवट, हातात काठी, बोटांची पेरं काळीकुट्ट.

"बाई, पसाभर पीठ घाल. आणि रडतेस का ते सांग."

सगुणा म्हणाली, "आजी, लिहायला बसते, पण लिहवत नाही. मनच लागत नाही."

"मग दळण कसं होतं तुझं?"

"ते रोज करावंच लागतं."

"दळताना मन लागतं?"

"मन कुठलं, आजी! खुंटा धरला की जातं फिरतं."

म्हातारी खो खो हसली. "मग लेखणी काय सोन्याची लागून गेली? तिला खुंट्यासारखी धर की!"

सगुणा जात्यावरून उठली, म्हातारीच्या पाया पडली. "आजी, मला वसा द्या."

"तुला वसा कशाला? फुगशील, पांगशील, घेतली ओळ टाकशील."

"फुगणार नाही, पांगणार नाही, घेतली ओळ टाकणार नाही."

"मग ऐक. हा वसा उद्यापासून घेईन म्हणू नये, आजच घ्यावा. दळण संपलं, जातं थांबलं, की तिथंच बसावं. जागा बदलू नये, वेळ बदलू नये. पाच ओळी लिहाव्यात. बऱ्या होवोत, वाईट होवोत, लिहिलेलं फाडू नये. पाच झाल्या की सहावी सुरू करावी आणि अर्धी सोडावी. पुरी उद्या करावी, म्हणजे उद्या बसल्याबरोबर हाताला काम मिळतं. ताप आला तर एकच ओळ लिहावी. पाहुणे आले तर त्यांना जरा बसवून ठेवावं. एक दिवस चुकला तर रडू नये, दुसरा चुकवू नये. आणि ज्या दिवशी लोक तुझं कौतुक करतील, त्या दिवशी आधी लिहावं, मग कौतुक ऐकावं."

"आणि उद्यापन, आजी?"

"त्याचं तुझं तुलाच कळेल," म्हातारी म्हणाली. पीठ पदरात घेतलं आणि दिसेनाशी झाली.

सगुणेनं त्याच दिवशी सुरुवात केली. जातं थांबलं, तिनं बोरू घेतला, मातीची दौत जात्याच्या पाळीवर ठेवली. "आत्याबाई, पाणी हत्तीच्या पायाला लागलं की काय करायचं?"

ठकूबाई शेजारी बसून पीठ भरत होती. ती सांगू लागली. सगुणा लिहू लागली. पाच झाल्या. सहावी अर्धी राहिली. दुसऱ्या दिवशी जातं थांबलं, ठकूबाईनं विचारलं, "काल कुठं थांबलो होतो?" सगुणेनं अर्धी ओळ वाचली, ठकूबाईनं ती पुरी केली. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी सगुणेला ताप होता, एकच ओळ झाली. पाचव्या दिवशी नणंद आली, तिच्यासमोरच लिहिलं. नणंद म्हणाली, "वहिनी, लग्नाचा जमाखर्च मांडतेस की काय?" सगुणा म्हणाली, "बसा वन्सं, दोन ओळी राहिल्यात."

असे सहा महिने गेले. एक नवल झालं. ठकूबाई दिवसभर काहीबाही विसरायची, पण जातं थांबलं की तिची जीभ सरळ व्हायची. जणू त्या घटकेला पाणी आपोआप पाटात यायचं. पोथीची पानं वाढली. पाणी पायाला लागलं तर काय, हे झालं. पाणी पोटाला लागलं तर काय, तेही झालं. मग आश्विन आला. ठकूबाई म्हणाली, "आता कानाचं सांगते. पाणी कानाला लागलेलं मी एकदाच पाहिलं. हैबती पाळण्यात होता." त्या दिवशी पाच ओळी तिच्या तेव्हाच्या भीतीतच गेल्या, पाऊस कसा होता, नवरा कसा धावला. सहावी ओळ सगुणेनं अर्धी सोडली: "पाणी हत्तीच्या कानाला लागलं, की आधी"

आणि दुसऱ्या दिवशी सरस्वतीपूजन आलं.

तुम्हाला ठाऊक आहे, बायांनो, पूजेला मांडलेली लेखणी आपण दसऱ्यापर्यंत उचलत नाही. सगुणेनंही मांडली. आता दसऱ्याला उचलायची, एवढंच उरलं होतं. पण दसऱ्याच्या सकाळी राजाचा निरोप आला. राजानं पोथीची कीर्ती ऐकली होती. सगुणेला दरबारात बोलावलं, शालू दिला, चांदीची दौत दिली. म्हणाला, "आजपासून तुमच्या घरचं पीठ आमच्या कोठारातून येईल. या हातांनी आता दळायचं नाही."

सगुणा घरी आली. कौतुक ऐकून आली, लिहिलं मात्र नव्हतं. तिनं चांदीची दौत चौरंगावर ठेवली, शेजारी बोरू ठेवला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फूल वाहिलं. मग मनात आलं, देवीपुढची लेखणी खाली कशी आणू? खरकट्या हाताची, जात्याच्या धुळीची तिला बाधा होईल. उद्या उचलू, सोवळ्यानं.

उद्याचं परवा झालं. पीठ कोठारातून येऊ लागलं. जातं कोपऱ्यात सरलं, त्यावर गोणी पडली.

ठकूबाई पहाटे उठून जात्यापाशी बसायची. पहिल्या दिवशी म्हणाली, "अगं सगुणा, आण की लेखणी." सगुणा म्हणाली, "थांबा आत्याबाई, फुलं वाहायचीत." आठ दिवसांनी म्हणाली, "सगुणा, कानाचं राहिलंय." सगुणा म्हणाली, "थांबा आत्याबाई, बायका दर्शनाला आल्यात." महिन्यानं ती एकटीच बसली, भिंतीला काहीतरी सांगू लागली. सगुणा वाती वळत होती. भिंतीनं काही लिहून घेतलं नाही.

गावच्या बायका येत होत्या. शेजारची चंपाकाकू तर खण-नारळ घेऊन आली. "लेखणीची ओटी भरते गं! आमची सून तुझ्यासारखी निघू दे." सगुणेला वाटत होतं, केवढा नेम करते मी! एक दिवस पूजा चुकली नाही. एक दिवस दिवा विझला नाही. दौतीतली शाई मात्र वाळून खपली झाली. बोरूला कुंकवाचा थर बसला, टोक उकललं. ठकूबाई पहाटे उठेनाशी झाली. मग बोलेनाशी झाली. मग एके दिवशी सुनेकडं बघून म्हणाली, "तू कुणाची गं? तुझी आई तुला शोधत असेल."

असं एक वर्ष गेलं. पुन्हा आश्विन आला. हस्ताचा पाऊस सुरू झाला आणि थांबेना. सात दिवस सूर्य दिसला नाही. पाणी हत्तीच्या पायाला लागलं. हैबती धावत घरी आला.

"सगुणा, पोथी काय म्हणते?"

तिनं पान काढलं, वाचलं. "वरची मोरी अर्धी उघडा." उघडली. पाणी थांबलं. लोक म्हणाले, धन्य ती पोथी.

दोन दिवसांनी पाणी पोटाला लागलं. "सगुणा, पोथी काय म्हणते?" तिनं वाचलं. "वरची पुरी उघडा, मधली वीतभर उघडा." उघडली. पाणी थांबलं. लोक म्हणाले, धन्य ती लिहिणारी.

तिसऱ्या सकाळी हैबती आला तो चिखलात घसरत आला. ओठ पांढरे पडले होते. "सगुणा, पाणी कानाला चार बोटं उरलंय. पाळ पाझरायला लागली. राजा पाळीवर येऊन उभा आहे. पोथी काय म्हणते?"

सगुणेनं शेवटचं पान काढलं. वाचलं. "पाणी हत्तीच्या कानाला लागलं, की आधी..."

"की आधी काय?"

सगुणेनं पान उलटलं, मागं कोरं होतं.

"अगं की आधी काय?"

"एवढंच आहे."

हैबतीनं कपाळावर हात मारून घेतला. "लोक म्हणतायत तळमोरी उपसा, सगळं पाणी एकदम जाऊ दे. माणसं दट्ट्याला दोर बांधतायत. मी किती वेळ थांबवू त्यांना?" तो तसाच माघारी धावला.

सगुणा चौरंगापुढं गेली. पाच वाती लावल्या, हात जोडले. "माते, वर्षभर तुझी पूजा केली. आता सांग, आधी काय?" लेखणी कुंकवात माखलेली होती. बोलली नाही.

मग ती सासूकडं गेली. ठकूबाई घोंगडी पांघरून बसली होती. सगुणेनं तिचे पाय धरले. "आत्याबाई, पाणी कानाला लागलं. नगर बुडतंय. सांगा ना!" ठकूबाई म्हणाली, "भूक लागली गं. भाकरी देतेस?"

मग तिनं अर्धी ओळ मोठ्यानं वाचली. एकदा वाचली, दोनदा वाचली, तिसऱ्यांदा किंचाळून वाचली. ठकूबाई घाबरली, घोंगडी तोंडावर ओढून रडू लागली.

बाहेरून माणसांचा ओरडा आला, "हैऽऽ उचला!" तेव्हा सगुणेला ती हसणारी म्हातारी आठवली. लेखणी काय सोन्याची लागून गेली?

ती उठली. कोपऱ्यातल्या जात्यावरची गोणी फेकली. जातं ओढून पूर्वीच्या जागी आणलं. गोणीच्या तळाशी किडके जोंधळे होते, ते मूठभर टाकले आणि खुंटा धरला. वर्षभर न फिरलेलं जातं हलेना. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला, तळव्याची साल निघाली. जातं करकरलं, कुरकुरलं, मग फिरलं. घर्र घर्र घर्र. एक मूठ झाली. दुसरी मूठ झाली. बाहेर ओरडा वाढत होता, छाती फुटायला आली होती, तरी तिनं तिसरी मूठ टाकली. पूर्वी दळण जसं पुरं व्हायचं तसं पुरं केलं.

जातं थांबलं.

घोंगडीतून ठकूबाईचं डोकं वर आलं. ती सरकत सरकत जात्यापाशी आली, सांडलेलं पीठ बोटानं गोळा करू लागली. म्हणाली, "झालं दळण? मग बस. काल कुठं थांबलो होतो?"

सगुणेनं चौरंगावरचा बोरू उचलला. विळीवर टोक तासलं. दौतीत तीर्थाचं पाणी ओतलं, वाळल्या शाईत कुंकू मिसळलं, तांबूस काळी शाई झाली. तिनं हळू आवाजात, रोजच्यासारखं वाचलं, "पाणी हत्तीच्या कानाला लागलं, की आधी..."

"आधी तिन्ही मोऱ्या बंद करायच्या," ठकूबाई म्हणाली. "अशा वेळी मोरीतून पाणी ओढलं, तर पाळीतली मातीच त्याच्याबरोबर येते. लिहिलंस?"

"लिहिलं, आत्याबाई."

"मग पाळीवरची माणसं खाली घ्यायची. उगवतीला जांभळीखाली पाळीचा एक तुकडा आजेसासऱ्यांनी मुद्दाम कच्चा ठेवलाय. दोन बैल जातील एवढाच फोडायचा. पाणी माळावरून जुन्या ओढ्यानं नदीला जातं, गावात येत नाही." तिनं बोटं मोजली. "पाच झाल्या."

"आणि मग?"

"मग पाणी उतरलं, की..." ठकूबाईनं तोंडावर बोट ठेवलं. "ती उद्या. सहावी उद्याची."

सगुणेनं ते पान छातीशी धरलं, वर इरलं घेतलं आणि ती धावली. पाळीवर दोर ताणले होते. तळमोरीचा दट्ट्या वीतभर वर आला होता, खालून मातकट पाणी उसळत होतं.

"थांबा! खाली सोडा तो! तिन्ही मोऱ्या बंद करा!"

एकजण ओरडला, "पाणी मावत नाही, आणि ही मोऱ्या बंद करायला सांगते!"

हैबतीनं विचारलं, "पोथीत आहे?"

"आहे."

"सकाळी तर नव्हतं. कधीची ओळ आहे ही?"

"आत्ताची. बोट लाव, शाई ओली आहे."

हैबतीनं बोट लावलं. बोट तांबडं झालं. तो राजाकडं वळला. राजानं पानाकडं पाहिलं, तळ्याकडं पाहिलं. म्हणाला, "जांभळीच्या पुढं आमची आमराई आहे."

सगुणा म्हणाली, "महाराज, आमराई पुन्हा लावता येईल."

राजानं आमराईकडं एकदा पाहिलं. मग म्हणाला, "घ्या कुदळी."

दट्ट्या खाली बसला, तिन्ही मोऱ्या मिटल्या. माणसं उगवतीला धावली. पहिली कुदळ पडली, दुसरी पडली, तिसरी पडली, आणि कच्ची माती फुटली. पाणी गर्जत निघालं. आमराई गेली, माळ गेला, जुना ओढा भरून वाहिला. पाणी हत्तीच्या कानावरून उतरलं, पोटावर आलं, पायाशी आलं. पाळ उभी राहिली. नगरातल्या चुली त्या दिवशी पेटल्या.

राजा म्हणाला, "हे पान आम्ही देवळात ठेवू, सोन्याच्या पेटीत."

सगुणा म्हणाली, "पेटी नको, महाराज. मी वर्षभर लेखणी पुजली, आणि तेवढ्यात नगर बुडत होतं. याच्या नकला करा. ज्याला अक्षर येतं त्याला द्या. ज्याला येत नाही त्याला शिकवा. कोठारातलं पीठही नको. माझं दळण मी दळीन."

घरी आली तर दारात मळवट भरलेली म्हातारी उभी. सगुणेनं पाय धरले. "आजी, मी फुगले, पांगले, घेतली ओळ टाकली."

"टाकली होतीस. मग उचललीस ना? ऊठ आता. ती चांदीची दौत मला दे, देवळातल्या घंटेत आटवते. तुझी मातीची कुठं आहे?" म्हातारीनं दौत घेतली, पसाभर पीठ घेतलं आणि दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगुणेनं दळण घेतलं. ठकूबाई उठून बसली. सुनेचं नाव तिला त्या दिवशी आठवलं नाही, पुढंही कधी आठवलं नाही. पण जातं थांबलं, ती जवळ सरकली आणि म्हणाली, "काल कुठं थांबलो होतो?" सगुणेनं वाचलं, "मग पाणी उतरलं, की..." ठकूबाईनं ओळ पुरी केली. सगुणेनं पाच ओळी लिहिल्या, सहावी अर्धी सोडली. ठकूबाई होती तोवर रोज असं चाललं. ती गेली त्या दिवशीही सगुणेनं जातं फिरवलं, थांबवलं, एक ओळ लिहिली. मग नगरातल्या मुली जात्याभोवती येऊन बसू लागल्या, आपापली पानं घेऊन. तेच तिचं उद्यापन.

ओळमाते, सगुणेवर जशी रागावलीस तशी आमच्यावर रागावू नको. तिला जशी टाकलेली ओळ पुन्हा सापडली, तशी तुम्हांआम्हांला सापडो. ऐकणारीला ओळ मिळो, लिहिणारीला उद्या मिळो. ही सहा ओळींची कहाणी, पाच ओळी आज, सहावी उद्या, रोजच्या नेमानं सुफळ होवो, संपूर्ण होवो.